मिलिटरीचे आरसे

आबाजीच्या गाडीला आरसे नाहीत, सुंदरा आहे, असे बोरशेतातले लोक म्हणत. हे ते आबाजीच्या तोंडावरही म्हणत. कुणी आणखी पुढे जाऊन सांगे की आबाजीचे दोन डोळे कपाळाखाली आहेत आणि दोन गाडीच्या मागे पदर खोचून उभे आहेत. आबाजी रागावत नसे. "माजं चार तरी झालं, तुमचं दोनच," एवढे बोलून तो तंबाखू मळू लागे. सुंदरा तेथे असली तर ती हसत नसे आणि चिडतही नसे. लोकांना तिचे हेच कधी आवडले नाही. बाईने हसावे, लाजावे, निदान एखादी शिवी तरी द्यावी. नुसते ऐकून घेऊ नये, असा गावाचा एकंदर समज होता.

बोरशेत खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला आहे. तेथल्या माळांवरचे गवत दसऱ्यानंतर कापतात, वाळवतात, यंत्रावर दाबून त्याच्या गासड्या बांधतात आणि त्या मुंबईकडच्या तबेल्यांना जातात. यंत्र नवीनशेठच्या वखारीत, कर्जतच्या रस्त्याला. माळावरचे सुटे गवत वखारीपर्यंत आणून टाकण्याचे काम आबाजीकडे होते. डोंगराकडच्या वाटा अशा की ट्रॅक्टरची ट्रॉली ओढ्याच्या चढावर कलंडते आणि साधा ट्रक खालच्या चिखलात रुततो. आबाजीची गाडी रुतत नसे. ती लष्कराच्या लिलावातून आलेली, चारही चाकांनी ओढणारी जुनी गाडी होती. वरून निळा रंग दिला होता, पण त्याचा पापुद्रा उडे तेथे खालचा हिरवा दिसे. गावात तिला नुसते 'मिलिटरी' म्हणत. मिलिटरी ओढ्यात आहे, मिलिटरी येऊन गेली, मिलिटरीचा आवाज आला म्हणजे चहा टाकायला हरकत नाही, अशी बोलण्याची रीत होती.

या गाडीचे दोन्ही बाजूंचे आरसे ती गावात आली तेव्हापासूनच सैल होते. दाराच्या बिजागरीपाशी लोखंडी कान होते, त्यांत नळीचा हात अडकवलेला आणि हाताच्या टोकाला आरसा. कानांची भोके झिजून लांबट झाली होती आणि बोल्टांचे आटे गेले होते. इंजिन सुरू झाले की आरसे थरथरत, गाडी हलली की माना टाकत, आणि त्यांत मागच्या रस्त्याऐवजी गाडीचेच चाक दिसे. शिवाय सुटे गवत भरले म्हणजे ते दोन्ही बाजूंनी इतके फुगे की ताठ आरशातही गवताखेरीज काही दिसले नसते. आबाजीने त्यांना कधी तार गुंडाळली, कधी सुतळी, कधी काथ्या. तेवढ्यापुरते भागले की तो विसरून जाई.

कारण त्याला आरशांची गरज नव्हती. लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या हंगामापासून सुंदरा त्याच्याबरोबर गाडीवर जात असे. मूलबाळ नव्हते, घरात थांबण्याचे कारण नव्हते. माळावर ती गवत चढवी, आणि वखारीच्या फाटकाशी आल्यावर खाली उतरून मागे जाई. त्या फाटकाच्या एका अंगाला दगडी खांब आणि दुसऱ्या अंगाला चिंचेचा बुंधा आहे, आणि फुगलेली गाडी त्यांच्यामधून उलटी आत घ्यावी लागते. सुंदरा मागे उभी राहून ओरडे. येऊ दे. येऊ दे. खांबाकडं दाब. येऊ दे. आणि शेवटी गाडीच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, तळहाताचा एक फटका, म्हणजे थांब. आबाजी मान वळवीत नसे. समोर बघत, विडी ओठांत धरून तो गाडी मागे घेई. हमाल म्हणत की हा झोपला तरी गाडी बरोबर लागेल, फक्त बाई जागी पाहिजे.

आबाजी पौषात गेला. वखारीत गवत उतरवून झाले होते, तो एका गासडीवर टेकला, पाणी मागितले आणि ते येण्याआधी आडवा झाला. नवीनशेठने टेंपो दिला. खोपोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत करण्यासारखे काही उरले नव्हते. टेंपोच्या हौद्यात सुंदरा त्याच्या पायांशी बसली होती. त्याचा टॉवेल घसरला तो तिने उचलला, त्याची घडी घातली, आणि घर येईपर्यंत ती घडी मांडीवर धरून ठेवली.

ती रडली नाही. पहिल्या दिवशी लोकांनी समजून घेतले. धक्का बसला की असे होते, असे जाणते लोक म्हणाले. दुसऱ्या दिवशी बायकांनी तिला रडवण्याचा प्रयत्न केला. तिच्या गळ्यात पडून, आबाजीचे नाव घेऊन त्या स्वतःच रडल्या, आणि तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जेव म्हटले तर ती जेवत होती. बस म्हटले तर बसत होती. भातात मीठ पडायचे राहिले होते, हे तिच्याखेरीज सर्वांना कळले. मग गावाने मत बनवले. सुंदरा दगड आहे.

सुतकात आरसा पाहत नाहीत. दाढी करीत नाहीत, केस विंचरत नाहीत, आणि आरशात तोंड पाहत नाहीत. ही रीत बोरशेतात अजून काटेकोर पाळतात. ती पाळण्याची जबाबदारी भागूबाईंनी आपल्याकडे घेतली. भागूबाई सुंदराच्या चुलतसासू, आणि शेजारीण. दोन्ही घरांत एकच खळे, त्याच्या एका कडेला भागूबाईंचा गोठा. त्यांनी भिंतीवरचा आरसा उलटा केला आणि कपाटाच्या आरशावर चादर टाकली. पाहुण्यांपैकी एका मुलीने मोबाइलमध्ये स्वतःचे तोंड पाहिले, तर तोही काढून घेतला. बाहेर येऊन त्यांनी खळ्यावर नजर फिरवली. मिलिटरी तेथेच उभी होती.

"राजेश, ह्ये बी आरसंच की रं."

राजेश म्हणजे आबाजीचा धाकटा भाऊ. तो खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि तेथेच राहतो.

"काकी, गाडीचं आरसं कोन बघतं?"

"घरातली गाडी हाय ना? मग घरातलं आरसं हायत. बांद."

राजेशने गोणपाटाचे दोन तुकडे आणून आरशांना टोप्यांसारखे बांधले. कुणाला त्यात काही गैर वाटले नाही. उलट, एकाने भागूबाईंच्या ध्यानात कसे सगळे राहते याचे कौतुक केले.

तिसऱ्या दिवशी कर्जतकडचे सोयरे यायचे होते. खळ्यात जागा नव्हती, म्हणून गाडी मागे घेऊन गोठ्याच्या पलीकडे लावावी असे ठरले. राजेश वर चढला. त्याने ती गाडी आधी चालवली होती, पण भावाच्या शेजारी बसून, आणि मागे सुंदरा असताना. आरशांवर गोणपाट होते. ते सोडावे असे त्याला वाटले नाही, कारण सुतक होते. खळ्यात पुष्कळ माणसे उभी होती. मागे कुणीतरी बघत असेल असे राजेशने धरले, आणि मागे बघायला सुंदराच असणार असे सवयीने सर्वांनी धरले.

सुंदरा आत होती. माजघरात, दाराकडे पाठ करून, तिला बसवले होते तेथे. इंजिन सुरू झालेले तिने ऐकले. मागचा गिअर पडताना ती गाडी एक आचका देते, तोही ऐकला. गाडी किती मागे आली हे तिला आवाजावरून कळत होते. ते न कळणे तिला शक्यच नव्हते. गोठा आला हेही कळले. भिंतीला टेकवलेला तिचा तळहात थोडा उचलला गेला. तोंड उघडले नाही.

गोठ्याचा कोपऱ्याचा खांब मोडला आणि छपराचा एक भाग खाली आला. म्हैस बाहेर बांधलेली होती म्हणून वाचली. गाडीचा डावा आरसा फणसाच्या बुंध्यात अडकून कानासकट उपटला गेला आणि उजवा खाली लोंबू लागला. काच मात्र गोणपाटामुळे शाबूत राहिली.

"डोळं बांदून गाडी चालवतोस व्हय रं?" भागूबाई म्हणाल्या.

"तूच बांदलंस काकी."

"मी आरसं बांद म्हनलं. गोठा पाड म्हनलं नव्हतं."

मयताचे घर होते म्हणून लोकांनी हसू आवरले. सुंदरा दारापर्यंत आली, मोडलेला खांब आणि लोंबणारा आरसा पाहिला, आणि परत आत जाऊन बसली.

त्या संध्याकाळी राजेशने विषय काढला. तो वाईट माणूस नव्हता. गाडी उभी राहून गंजेल, तिला चालवणारा कोणी नाही, आणि आता तर ती मोडलीही आहे. खोपोलीचा भंगारवाला त्याच्या ओळखीचा होता. तेरावे झाले की गाडी देऊन टाकू आणि वहिनीने खोपोलीला आपल्या घरी यावे, असे त्याचे म्हणणे होते.

"तिकडं मी काय करू?" सुंदराने विचारले.

"काय करायचं म्हंजे? राहायचं. पोरं हायत, ही कामाला जाते. घरात मानूस लागतंच."

सुंदराने ते ऐकले. खोपोलीचे घर तिने पाहिलेले होते. स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. लहान मुले शाळेतून येईपर्यंत तेथे काही आवाज नसतो. ती त्या घरात बसून राहिलेली स्वतःला दिसली, जेव म्हटले की जेवणारी आणि बस म्हटले की बसणारी. आणि आत्ता जसे आहे तसेच ते कायम राहील हे तिला समजले. तिला त्याचे दुःख झाले असे म्हणता येणार नाही. पण तिने मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रवीण भेटायला आला. हा नेरळकडचा, नवीनशेठच्या वखारीतून गासड्या घेऊन जाणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो ट्रक विकला गेल्यापासून मोकळाच होता. शेठनेच त्याला पाठवले होते. निरोप असा होता की माळावर गवत कापून पडले आहे, यंत्र बसून आहे. तेराव्यापर्यंत शेठ थांबतील, त्यानंतर कर्जतच्या कुणालातरी काम देतील. प्रवीणने भेटीचे चार शब्द बोलून झाल्यावर खळ्यात जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली.

"इंजिन झकास हाय वैनी. मी चालवीन," तो म्हणाला. "पन ती फाटकातून मागं घ्यायची म्हंजे... आबाजीदादाचं वेगळं व्हतं. तुमी मागं उभ्या ऱ्हायलात तर जमंल."

"मी उभी ऱ्हानार नाय."

"मंग आरसं पायजेत. आरशाबिगर मी नाय घेनार."

"आरसं असतील," सुंदरा म्हणाली.

राजेश तेथेच होता. तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "वैनी, त्या आरशांवर आजवर कुनी गाडी मागं घेतलेली नाय. दादानं पन नाय."

"तुमी पहिली खेप बघा भावजी. ह्याला आरशावर आत घेता नाय आली, तर द्या भंगारात. मी येते खोपोलीला."

राजेशला यात हरकत घेण्यासारखे काही दिसले नाही. त्याने भंगारवाल्याला पहिल्या खेपेच्या संध्याकाळी यायला सांगितले.

मग दुपारी, घरातली माणसे आडवी झाल्यावर, सुंदरा खळ्यात गेली. सुतकातल्या विधवेने असे उघड्यावर कामाला लागू नये हे तिला ठाऊक होते. तिने सीटखालची हत्यारांची पेटी ओढली आणि उजव्या आरशाचे गोणपाट सोडले. गोणपाटाखाली आबाजीची दुरुस्ती होती. वर तार, तारेखाली सुतळी, सुतळीखाली गंजलेली दुसरी तार, त्याखाली काथ्या, आणि सर्वांत आत एका जुन्या शर्टाची चिंधी. प्रत्येक वेळी आधीचे न काढता त्याने वरून नवे गुंडाळले होते. तिने पान्याच्या टोकाने एकेक थर सोडवला आणि डालड्याच्या डब्यात टाकला. शर्ट कोणता हे तिने ओळखले. चिंधी डब्यात टाकली.

झिजलेल्या भोकात पहिला बोल्ट बसणार नव्हता. उपटलेला कान, बिजागरीपासून सोडलेला दुसरा कान आणि दोन्ही हात घेऊन ती दुसऱ्या दिवशी सहाआसनी रिक्षाने हमरस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेली. सुतकातली बाई वाहनात चार लोकांना खेटून बसली, यावरही पुढे बोलणे झाले. वेल्डिंगवाल्याला तिने सांगितले की कानांची भोके भरून नव्याने पाडायची, बोल्ट एक नंबर जाड घालायचा, आणि दोन्ही नळ्या लांब करायच्या.

"किती लांब?" त्याने विचारले.

तिने आपला उजवा हात आडवा धरला आणि कोपराच्या थोडे पुढे बोट ठेवले. फुगलेले गवत गाडीबाहेर किती येते हे तिला तसेच ठाऊक होते. ती त्याच्या कडेला उभी राहत आली होती.

"एवढं बाहेर काडलं तर थरथरंल," तो म्हणाला.

"रबर घालते."

घरी येऊन तिने दोन्ही कान बिजागरीपाशी पुन्हा आवळले, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले, ते कान आणि नळी यांच्यामध्ये घातले, वर वायसर, वर एक नट, आणि तो सुटू नये म्हणून त्यावर दुसरा नट. पाना घसरून बोटाचे साल निघाले. तिने ते पाहिले आणि पदराला पुसले. दुखले की नाही हे तिला सांगता आले नसते. इंजिन सुरू करून तिने आरशाला बोट लावले. तो हलत नव्हता.

आरसा लावणे वेगळे आणि तो बरोबर कोनात फिरवणे वेगळे. त्याला दोन माणसे लागतात. एकाने ड्रायव्हरच्या जागी बसून बघायचे आणि दुसऱ्याने खाली उभे राहून फिरवायचे. सुंदरा एकटी होती. ती वर चढून बसे, आरशात पाही, खाली उतरून तो किंचित वळवी, आणि पुन्हा चढे. अशाच एका वेळी, मान लांब करून ती आरशात बघत असताना, भागूबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि थांबल्या.

"सुंदरे, सुतक चालू हाय गं. आन् तू आरशात बघतेस?"

"तुमचा गोठा दिसतो काकी."

"पाडून झाला की त्यो. आता काय ऱ्हायलंय बघायचं?"

"खांब दिसतो का, त्ये बघते."

"नवऱ्याचं सुतक हाय. तोंड दिसंल तुजं तुला."

"नाय दिसत. वाकडा लावलाय."

भागूबाईंना हे उत्तर उद्धटपणाचे वाटले. त्यात उद्धटपणा नव्हता. बाजूचा आरसा योग्य बसवला तर बसणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसत नाही, मागचे दिसते. पण हे समजावून सांगण्याइतके बोलणे सुंदराकडे तेव्हा नव्हते. भागूबाई घरी गेल्या, आणि दिवेलागणीपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. नवऱ्याची राख सावडून होत नाही तो ही आरशापुढे बसते. नंतर ती बदलत गेली; कुणी तिच्या हातात फणीही दिली. ज्यांनी स्वतः काही पाहिले नव्हते त्यांनी अधिक सांगितले.

याचा परिणाम झाला नाही असे नाही. भावकीतल्या दोन घरांनी जेवण पाठवणे बंद केले. दहाव्याला नदीवर जाताना बायका तिच्यापासून जरा अंतर ठेवून चालल्या. पिंडाला कावळा शिवणार नाही अशी काहींची खात्री होती, आणि ती त्यांनी हळू आवाजात एकमेकांना सांगितलीही. कावळ्याने फार वेळ घेतला नाही. त्यामुळे परतताना लोकांना बोलायला विषय उरला नाही.

तेरावे झाले आणि प्रवीण आला. तो गाडीत बसला, डाव्या आरशात पाहिले, उजव्यात पाहिले.

"वैनी, ह्याच्यात नुसती भुई दिसती."

सुंदराने आरसे आपल्या उंचीला लावले होते. प्रवीण तिच्याहून वीतभर उंच. ती खाली आरशापाशी जाऊन उभी राहिली आणि कडेला दोन बोटे लावली.

"थोडा वर," प्रवीण आतून म्हणाला. "आनखी. जरा भायेर. आनखी थोडा... बास."

ती थांबली. तिचा हात आरशावर तसाच राहिला. इतक्या वर्षांत गाडीच्या आतून तिला कुणी काही सांगितले नव्हते. सांगणारी ती होती. प्रवीणला वाटले तिला ऐकू आले नाही.

"बास वैनी. बसला."

"हां," ती म्हणाली, आणि नट आवळले.

पहिली खेप डोंगरालगतच्या माळावरून होती. गवत नेहमीसारखेच चढवले, सुंदरानेही हात लावला. दोरखंड आवळूनही दोन्ही अंगांना गवत फुगले, आणि लांब नळ्यांवरचे आरसे त्याच्या बाहेर डोकावत राहिले. ओढ्याच्या चढावर मिलिटरीने नेहमीचा आवाज काढला. राजेश रजा टाकून आला होता. तो आणि सुंदरा पुढे बसले. वाटेत प्रवीण एकदा म्हणाला, "आरसं हलत नायत हां."

वखारीत नवीनशेठ खुर्ची टाकून बाहेर बसले होते. हमाल काम सोडून फाटकापाशी गोळा झाले. आबाजीनंतरची पहिली गाडी होती. शिवाय पैज लागल्यासारखी गोष्ट सगळ्यांना कळलेली होती. सुंदरा गाडीतून उतरली. सवयीने तिची पावले मागच्या बाजूला दोन हात गेली. मग ती वळली, गाडीच्या पुढून निघून रस्त्यापलीकडे गेली, आणि तेथे मैलाच्या दगडाशी उभी राहिली. तेथून गाडीचे फक्त नाक दिसत होते.

प्रवीणने मागचा गिअर टाकला. गाडीने आचका दिला.

तो हळू घेत होता. उजवीकडे बघे, डावीकडे बघे, पुन्हा उजवीकडे. मागचे चाक फाटकाच्या उंबऱ्यावर चढले तसे गवत एका अंगाला झुकले आणि चिंचेच्या फांदीला घासू लागले. काड्या खाली पडल्या. प्रवीण थांबला. थोडे पुढे घेतले, पुन्हा मागे, पुन्हा थांबला. आता गाडी अर्धी आत आणि अर्धी बाहेर होती. त्याने काचेतून समोर, रस्त्यापलीकडे पाहिले.

"वैनी."

सुंदरा त्याच्याकडे बघत होती. हललीही नाही.

"अगं वरड की," एक म्हातारा हमाल म्हणाला. "जीभ झडली का तुजी? खांबाकडं दाब म्हन त्याला, येतंय बरोबर."

"तू म्हन," नवीनशेठ त्या हमालाला म्हणाले.

"मला काय कळतंय शेठ. तिलाच कळतं त्ये."

"मंग गप ऱ्हा."

राजेश तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता. त्याने हळूच म्हटले, "वैनी, एकदा सांग त्याला. मी त्ये काय हिशेबात धरनार नाय. सांगितलंस तरी गाडी तुजीच." हे तो मनापासून बोलला. खोपोलीला नेण्याचा त्याचा आग्रहही त्या क्षणी तसा राहिला नव्हता.

खांबाकडे दाबायला हवे हे तिला तेथून, गाडीचे नाक ज्या बाजूला वळले होते त्यावरून, कळत होते. ते शब्द तिच्या तोंडाशी आलेही असतील. चेहऱ्यावरून तसे काही समजत नव्हते. तिने ओठ मिटलेले होते आणि हात पदराखाली होते.

प्रवीणने मान खाली घातली, पुन्हा वर केली आणि डाव्या आरशात बराच वेळ पाहिले. आरशात त्याला खांब दिसत होता. खांब आणि गवत यांच्यात किती अंतर आहे हेही दिसत होते. त्याने चाक खांबाकडे फिरवले. गाडी मागे सरकली. चिंचेची फांदी गवतावरून सुटून वर उडाली. खांबाच्या कडेला गवताची एक रांग खरवडली गेली, एवढेच. मग सगळी गाडी आत गेली आणि यंत्रापाशी थांबली. मागचा फाळका ओट्याला हलकेच लागला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हमालांनी दोरखंड सोडायला सुरुवात केली. नवीनशेठ उठले, खुर्ची सावलीत ओढून परत बसले आणि प्रवीणला उद्याच्या माळाचे नाव सांगितले. राजेशने खिशातून मोबाइल काढला, बाजूला जाऊन भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितले, आणि परत आला.

सुंदरा रस्ता ओलांडून आत आली होती. डाव्या आरशाचा वरचा नट तिने बोटाने चाचपला. तो सैल झाला नव्हता.

"जमलं त्याला," राजेश म्हणाला. "पन वैनी, मधी आडकला तवा एक हाक मारली असतीस तर काय बिगडलं असतं?"

"आज मारली असती तर उद्या पन मारावी लागली असती. मला नाय मारायची. गवत उतरवा."